डोनर एग, मी आणि नवरा दोघं ओ निगेटिव्ह, डोनर बी पॉझिटिव्ह. अँटी-डी (निगेटिव्ह आईला देतात ते इंजेक्शन) घ्यायचं की नाही?

ओंजळ_१९:
नमस्कार. हा आयडी मुद्दाम नवीन काढलाय, जुन्या आयडीला इथे बरेच जण ओळखतात म्हणून, तर डुआयडी (डुप्लिकेट आयडी) समजून उडवू नका प्लीज.

वय ४१, डोनर एगने (दुसऱ्या बाईच्या बीजांडाने) प्रेग्नंट आहे, आज १९ आठवडे ३ दिवस. माझा ब्लड ग्रुप ओ निगेटिव्ह, नवऱ्याचाही ओ निगेटिव्ह, डोनरचा बी पॉझिटिव्ह. डोनर निवडताना आम्हाला विचारलं होतं ग्रुप मॅच हवाय का, पण निगेटिव्ह डोनर मिळेना, थांबायची ताकद उरली नव्हती, म्हटलं चालेल.

दहाव्या आठवड्यापर्यंत आयव्हीएफवाल्यांकडे होते, नंतर घराजवळच्या गायनॅककडे नाव घातलं. पहिल्या व्हिजिटला सासूबाई सोबत होत्या आणि त्यांना डोनरचं माहीत नाहीये, आम्हा दोघांशिवाय कुणालाच नाहीये. डॉक्टरांनी माझा ग्रुप बघितला, नवऱ्याला त्याचा विचारला, तो म्हणाला ओ निगेटिव्ह, तर त्या हसून म्हणाल्या चला सुटलात, मग इंजेक्शनची भानगडच नाही, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने "पती निगेटिव्ह, अँटी-डी नको" असं लिहून त्याला चौकट केली. मी गप्प. नवरा माझ्याकडे बघतोय आणि मी टेबलावरच्या पेपरवेटकडे.

तेव्हापासून झोप उडालीये. नेटवर जे वाचते ते सगळं आई आणि वडील यांच्या ग्रुपबद्दल असतं, डोनर एगमध्ये आई म्हणजे नक्की कोण धरायची तेच कळत नाही. बाळाचा ग्रुप माझ्यावर जाणार का डोनरवर? माझं रक्त बाळाला "परकं" समजून त्रास देईल का? इंजेक्शन लागतं का? आणि दुसरं, ओ आणि बी पण आपसात भांडतात असं ऐकलंय ते काय आहे? कुणाला अनुभव असेल तर सांगा, रागवा पण सांगा.

---

सदाफुली:
अगं एवढं टेन्शन नको घेऊस. बाळ नऊ महिने तुझ्याच रक्तावर वाढणार ना, मग ग्रुप तुझाच येणार. माझ्या ओळखीत एकीला डोनर एगने मुलगी झाली, तिचा ग्रुप सेम आईसारखा आहे. छान गाणी ऐक, आनंदी राहा.

---

तिसरामजला:
सदाफुली, हेतू चांगला आहे तुमचा पण हे चुकीचंय आणि इथे चुकीचं महागात पडेल म्हणून स्पष्ट लिहितो. मी ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण हे माझं रोजचं काम आहे.

बाळाचा ग्रुप ठरतो बीजांड आणि शुक्राणू भेटतात त्या क्षणी, जीन्समधून. पोटात कुणाच्या वाढतंय त्याने त्यात काडीचाही फरक पडत नाही. आईचं रक्त बाळाच्या अंगात फिरत नाही हो, वारेच्या एका बाजूला आईचं रक्त, दुसऱ्या बाजूला बाळाचं, मधे पातळ पडदा, त्यातून ऑक्सिजन, साखर, औषधं, आईच्या काही अँटीबॉडीज असं सगळं जातं पण लाल पेशी आपापल्या बाजूला राहतात (थोड्याफार निसटतात, तीच तर सगळी भानगड, खाली येतोच त्यावर). तुमच्या ओळखीतल्या मुलीचा ग्रुप आईसारखा आला कारण डोनरचा किंवा वडिलांचा तसा असणार, बस. जन्मल्यानंतर ग्रुप बदलतो तो बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाला तर, गर्भाशयात राहून नाही.

आता ओंजळ ताई, तुमचं गणित. ग्रुपसाठी आई म्हणजे डोनर. बाळाला नवऱ्याकडून फक्त ओ मिळणार आणि फक्त निगेटिव्ह मिळणार. डोनरकडून बी किंवा ओ, आणि पॉझिटिव्ह किंवा कदाचित निगेटिव्ह. म्हणजे बाळ बी पॉझिटिव्ह असू शकतं, ओ पॉझिटिव्ह असू शकतं, निगेटिव्ह पण निघू शकतं. डोनरकडे पॉझिटिव्हची एक प्रत असेल तर निम्मे चान्स, दोन्ही प्रती पॉझिटिव्ह असतील तर बाळ शंभर टक्के पॉझिटिव्ह, आणि साध्या ग्रुपच्या रिपोर्टवरून एक आहे का दोन ते कळत नाही.

पण अँटीबॉडी बनवणार कोण? तुम्ही. त्यासाठी आई म्हणजे तुम्ही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं दोन तुकड्यांत आहे. पेशींवर काय आहे ते डोनर आणि नवरा ठरवणार, त्यावर भडकायचं की नाही ते तुमचं रक्त ठरवणार. आणि तुमचं रक्त निगेटिव्ह आहे, म्हणजे बाळाच्या पॉझिटिव्ह पेशी निसटून तुमच्याकडे आल्या तर त्यांना परकं समजून ते अँटीबॉडी बनवू शकतं, आणि त्या वारेतून पलीकडे जाऊन बाळाच्या पेशी तोडतात.

म्हणून ती लाल चौकट चूक आहे. डॉक्टरांची चूक नाही, त्यांच्यासमोर जी माहिती होती त्यावर त्यांनी अगदी बरोबर लिहिलं. नवरा बायको दोघं निगेटिव्ह तर बाळ निगेटिव्हच, इंजेक्शनची गरज नाही, हा नियमच आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की बीजांड बायकोचं आहे.

---

मोगरा_आणि_मी:
ओंजळ, मी हा धागा बंद करून झोपायला जाणार होते पण नाही जमलं.

माझी गोष्ट सेम टू सेम. मी ए निगेटिव्ह, नवरा निगेटिव्ह, डोनर पॉझिटिव्ह. पहिल्यांदा डोनर एगने राहिलं, आमचंही घरी गुपित, फाइलवर तेच, पती निगेटिव्ह. चौदाव्या आठवड्यात गेलं. क्युरेटिंग करावं लागलं, रात्रीची ड्युटी डॉक्टर वेगळी, तिने फाइल वाचली, पती निगेटिव्ह वाचलं, इंजेक्शन दिलं नाही. तिचं काय चुकलं सांगा. माझ्या डोक्यात तरी कुठे होतं त्या दिवशी. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

आठ महिन्यांनी पुन्हा तयारी सुरू केली तेव्हा रूटीन रक्ततपासणीत इनडायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह आली. अँटीबॉडीज तयार झाल्या होत्या. आणि एकदा झाल्या की झाल्या, मग अँटी-डी घेऊन काही उपयोग नसतो, ते इंजेक्शन अँटीबॉडी बनू नये म्हणून असतं, बनलेली घालवायला नाही. हे मला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही सहा महिने थांबलो आणि निगेटिव्ह डोनरच घेतली. नवरा निगेटिव्ह, डोनर निगेटिव्ह, म्हणजे बाळ निगेटिव्ह, माझ्या अँटीबॉडीजना पकडायला पेशींवर काही नाहीच. बाकी प्रेग्नन्सी या बाबतीत शांत गेली. मुलगा आता दोन वर्षांचा आहे, हे टाइप करतेय आणि तो माझा चष्मा ओढतोय.

तुझ्या बाबतीत अजून काही बिघडलेलं नाहीये गं. पण बोल. उद्याच बोल.

---

ओंजळ_१९:
मोगरा, काय लिहू. वाचून हातपाय गार पडले. इतकं सगळं सांगितलंस त्याबद्दल थँक्यू.

तिसरामजला दादा, समजलं. म्हणजे आत्ता नक्की काय काय करायचं असतं? आणि आत्तापर्यंत काही होऊन गेलं असेल का? अकराव्या आठवड्यात दोन दिवस थोडं ब्राऊन स्पॉटिंग होतं.

---

तिसरामजला:
होऊन गेलं असेल याची शक्यता कमी आहे पण अंदाजावर राहायचं कशाला, इनडायरेक्ट कूम्ब्स करून घ्या, साधी रक्ततपासणी आहे. ती निगेटिव्ह आली की बाकीचं सरळ. साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात परत कूम्ब्ससाठी रक्त घेतात आणि मग अँटी-डीचा डोस, बऱ्याच ठिकाणी ३०० मायक्रोग्रॅमचा एकच, काही ठिकाणी दोन छोट्या डोसमध्ये. डिलिव्हरी झाली की नाळेतलं रक्त घेऊन बाळाचा ग्रुप बघायचा, पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत तुम्हाला पुन्हा डोस. निगेटिव्ह निघालं तर तो दुसरा लागत नाही. मधल्या काळात ब्लीडिंग झालं, पोटावर पडलात, गाडीचा धक्का बसला, ॲम्निओ (सुईने गर्भजल काढून तपासणं) करायची वेळ आली, तर अठ्ठाविसाव्याची वाट न बघता तेव्हाच फोन करायचा आणि पहिलं वाक्य हेच, की मी निगेटिव्ह आहे आणि डोनर पॉझिटिव्ह आहे.

क्रम लक्षात ठेवा, रक्त आधी आणि सुई नंतर. इंजेक्शन म्हणजे तयार अँटी-डी अँटीबॉडीच असते, ती घेतल्यावर काही आठवडे कूम्ब्स हलकी पॉझिटिव्ह दिसू शकते, आणि कुणी फाइल न बघता तो रिपोर्ट वाचला की घरात रडारड. आमच्याकडे महिन्यातून एक तरी असा फोन येतो.

काही ठिकाणी आईच्याच रक्तातून बाळाचा आरएचडी जीन (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो ते या आरएचवरून) बघायची टेस्ट होते. डोनर एगमध्येही ती चालते कारण तुमच्या स्वतःच्या रक्तात सहसा तो जीन नसतोच, सापडला तर बाळाचाच. मिळत असेल तर विचारा, नसेल तर बाळ पॉझिटिव्ह आहे असं धरून चालायचं.

अवांतर: हे इंजेक्शन कारखान्यात रसायनं मिसळून होत नाही, ज्यांच्या रक्तात ही अँटीबॉडी आहे अशा माणसांनी दिलेल्या प्लाझ्मापासून बनतं. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन म्हणून एक गृहस्थ होते, १९५४ ते २०१८ या काळात ११७३ वेळा दान केलं त्यांनी. २०२५ मध्ये गेले. आमच्या लॅबच्या फ्रिजवर त्यांचा फोटो चिकटवलाय.

---

केशरी_पाट्या:
ओ आणि बी च्या भांडणाबद्दल मी सांगते, ते मी पाहिलंय.

मी ओ पॉझिटिव्ह, नवरा ए पॉझिटिव्ह, डोनर बी. मुलगी झाली एबी. आता ओ आईला स्वतःच्या बीजांडातून एबी बाळ होत नाही, हे बायोलॉजीच्या पुस्तकात आहे. माझ्या मेन डॉक्टरांना सगळं माहीत होतं, पण त्यांनी लॅबला आणि बाळाच्या डॉक्टरांना काही सांगितलं नव्हतं, आणि मला वाटलं सांगितलं असेल. नाळेचं रक्त लॅबमध्ये गेलं, लॅबमधून लेबर रूमला फोन, सॅम्पल बदललंय, आई ओ आणि बाळ एबी कसं. परत टाचेतून रक्त घेतलं. परत तेच. मग एक शिकाऊ डॉक्टर आला आणि माझी आई, नणंद, शेजारच्या बेडवरचे चार लोक सगळ्यांसमोर, मॅडम तुमचा ब्लड ग्रुप नक्की ओच आहे ना? पायातल्या पट्टीवरचा नंबर माझ्या हातातल्या पट्टीशी दोनदा जुळवून बघितला. तासभर मला वाटत होतं आता म्हणतील हे बाळ तुमचं नाही.

बरं, कावीळ. डिलिव्हरीला अठरा तास झाले होते, नर्सने तिच्या कपाळावर बोट दाबून उचललं आणि खिडकीपाशी नेऊन बघितलं, दाबलेल्या जागी कातडी पिवळी. पहिल्या चोवीस तासांत पिवळं दिसलं की ते साधं समजत नाहीत, लगेच बिलीरुबिन (कावीळ किती ते बघायची टेस्ट) केलं, जास्त आलं, डायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या पेशींना अँटीबॉडी चिकटल्यात का ते बघतात ती) पुसटशी पॉझिटिव्ह. डोळ्यांवर पट्टी बांधून दोन दिवस निळ्या लाइटखाली. मी दूध पाजायला काढून घ्यायची आणि परत ठेवायची. उतरलं. नंतर महिनाभराने हिमोग्लोबिन बघायला बोलावलं होतं, कारण पेशी नंतरही हळूहळू तुटत राहू शकतात, तेही ठीक होतं. आता ती शेजाऱ्यांच्या मांजराला बूट घालते.

---

तिसरामजला:
केशरी ताई, तुमच्या लॅबच्या जागी मी असतो तर मीही तोच फोन केला असता. ओ आई आणि एबी बाळ म्हणजे आमच्या डोक्यात पहिला विचार सॅम्पल बदललं हाच (सिस-एबी नावाचा एक फार दुर्मिळ प्रकार सोडला तर), आणि तसा विचार केलाच पाहिजे, उद्या खरंच दोन बाळांची सॅम्पलं बदलली तर? तुम्हाला ज्यातून जावं लागलं ते वाईटच, पण रिक्वेस्ट फॉर्मवर कोपऱ्यात "डोनर एग" एवढे दोन शब्द असते तर तो फोन झालाच नसता.

ओंजळ ताई, एबीओचं थोडक्यात. आरएचच्या अँटीबॉडीज आधी पेशींशी गाठ पडली तरच बनतात, म्हणून पहिल्या बाळाला सहसा त्रास नसतो, पुढच्याला असतो. ए आणि बी विरुद्धच्या अँटीबॉडीज मात्र, एबी ग्रुपवाले सोडले तर, आपल्या सगळ्यांच्या रक्तात लहानपणापासून असतातच (आपल्या पेशींवर जे नाही त्याच्या विरुद्ध), म्हणून हे पहिल्या बाळालाही होऊ शकतं. पण ए किंवा बी ग्रुपच्या आईत त्या बहुतेक आयजीएम जातीच्या असतात, आकाराने मोठ्या, वारेतून पलीकडे जात नाहीत. ओ ग्रुपच्या बायकांमध्ये आयजीजी जातीच्या जास्त असतात, त्या जातात. म्हणून हा प्रकार मुख्यतः ओ आईचा. आणि तरीही तो सहसा सौम्य राहतो, कारण बाळाच्या पेशींवर ए, बी अजून नीट उमटलेले नसतात आणि ते पेशींशिवाय शरीरात इतरत्रही असतात, तर अँटीबॉडी तिकडेच वाटली जाते. रक्त बदलायची वेळ क्वचित येते. यासाठी गरोदरपणात इंजेक्शन नाही, वेगळी टेस्टही नाही, बाळ झाल्यावर कावीळ वेळेत पकडायची एवढंच. त्यामुळे चोवीस तासांच्या आत घरी जायची घाई करू नका आणि बाळाच्या डॉक्टरांना "मी ओ आहे, बाळ बी असू शकतं" हे आधीच सांगा.

एक गंमत म्हणजे बाळ बी निघालं तर आरएचच्या बाबतीत थोडा फायदाच आहे. निसटून तुमच्याकडे आलेल्या बाळाच्या पेशी तुमच्या अँटी-बी आधीच मारून टाकतात, आरएचची ओळख पटायला वेळच मिळत नाही. पण हा फायदा अर्धामुर्धा, त्याच्या भरवशावर सुई टाळायची नाही!!

अजून एक विचारतो, विषय थोडा बाजूचा आहे. डबल मार्कर (बाळाला डाऊन सिंड्रोम वगैरेची रिस्क किती ते बघायची रक्ततपासणी) केली होती का? फॉर्मवर वय कुणाचं लिहिलं होतं?

---

ओंजळ_१९:
माझं. ४१. आणि त्यात रिस्क जास्त आली होती, डॉक्टर म्हणाल्या वयामुळे असेल, पुढची टेस्ट करून घेऊ, मी ते पण ढकलतेय. का?

---

तिसरामजला:
कारण डाऊन सिंड्रोमची रिस्क बीजांडाच्या वयावर जाते, तुमच्या नाही. डोनरचं बीजांड काढलं तेव्हाचं वय लागतं त्या हिशेबाला. लॅबला सांगितलं तर तेच आकडे ठेवून वय बदलून पुन्हा हिशेब करून देतात, नव्याने रक्त द्यायची पण गरज पडत नाही. ढकलू नका, आकडा खाली येईल का नाही ते मी सांगणार नाही पण बरोबर आकडा तरी हातात येईल. पुढची टेस्ट आईच्या रक्तातून डीएनए बघायची असेल तर तिथेही डोनर एग आहे हे आधी सांगा, त्यातल्या काही पद्धती डोनर एगला चालत नाहीत.

---

ओंजळ_१९:
डोनर २५ वर्षांची होती. पंधरा दिवस मी उगाच रडतेय म्हणजे.

---

मोगरा_आणि_मी:
उगाच नाही गं. तू कुणाला सांगूच शकत नव्हतीस.

बोलायचं कसं ते सांगते, मला दुसऱ्या वेळी हे उपयोगी पडलं. अपॉइंटमेंटची वाट बघू नको, सोबत कुणी नसताना क्लिनिकला फोन कर आणि म्हण मला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीने बोलायचंय. माझ्या डॉक्टरांनी नंतर दर व्हिजिटला वजन करायच्या निमित्ताने मला आत एकटीला घ्यायला सुरुवात केली. नातेवाइकांना काही सांगायचं नाही हे पण त्यांना स्पष्ट सांग, त्यांच्यासाठी हे नवीन नसतं. आणि बीपीकडे लक्ष ठेवायला सांग, डोनर एगमध्ये बीपी वाढायचा धोका जास्त असतो, त्याचा ब्लड ग्रुपशी संबंध नाही पण सांगणं एकाच दमात होऊन जातं.

---

सदाफुली:
तिसरामजला, मला खरंच माहीत नव्हतं, सॉरी ओंजळ. पण एक विचारू? दोघं ओ निगेटिव्ह आणि बाळ बी पॉझिटिव्ह आलं तर डिस्चार्ज कार्डवर छापून येईलच ना. घरातलं कुणी वाचलं तर? चुकून आलंय म्हणून सांगता येईल का?

---

केशरी_पाट्या:
मी कार्ड फाइलमध्ये ठेवलं आणि फाइल माझ्याकडे. कुणी विचारलं नाही. पण "रिपोर्ट चुकला" असं मी कधी कुणाला सांगितलं नाही आणि सांगू पण नका, तो तिचा ग्रुप आहे, शाळेच्या फॉर्मवर लागतो, आयकार्डवर छापतात. उद्या घरातलंच कुणी खोटा ग्रुप आत्मविश्वासाने फॉर्मवर लिहून मोकळं होईल. लेकीला आम्ही आत्तापासूनच थोडं थोडं सांगतोय, तुला आणायला एका मावशीने मदत केली वगैरे. बायोलॉजीच्या पुस्तकातून कळण्यापेक्षा बरं.

---

ओंजळ_१९:
चार दिवसांनी लिहितेय. गेले होते, एकटी. नवऱ्याने सासूबाईंना बँकेच्या कामाला नेलं.

मी खुर्चीत बसायच्या आधीच बोलून टाकलं, वाक्य पाठ करून गेले होते, डोनर पॉझिटिव्ह आहे. डॉक्टरांनी दोन सेकंद माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत, फाइल ओढली आणि त्या लाल चौकटीवर एक तिरकी रेघ मारून बाजूला सही आणि तारीख टाकली. मग म्हणाल्या बरं झालं आलात, पहिल्या दिवशी मीच तुम्हाला एकटीला विचारायला हवं होतं. मी रडले थोडी. त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवून टिश्यूचा डबा पुढे केला.

कूम्ब्स निगेटिव्ह आली, आज रिपोर्ट मिळाला. डबल मार्करचा हिशेब पुन्हा करायला पाठवलाय. बाळाच्या डॉक्टरांना चिठ्ठी त्या स्वतः लिहून देणार आहेत, बंद पाकिटात.

डिस्चार्ज कार्डचं अजून काही ठरलं नाहीये, आमचे दोघांचे रोज रात्री त्यावर वाद चाललेत. नवरा म्हणतो आईला सांगून टाकू, मी म्हणते आधी बाळ हातात येऊ दे.

अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुईची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीये. कॅलेंडर स्वयंपाकघरात असतं आणि सासूबाई रोज बघतात, म्हणून तिथे "दाताचे डॉक्टर" असं लिहिलंय. आज सकाळी त्या म्हणाल्या, त्या दिवशी मी पण येते, माझी दाढ दुखतेय.